रूळ तपकिरी का दिसतात? मॉडेल रेल्वेच्या रंगकामावर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात माझ्या घरच्या मॉडेलचे चार फोटो छापून आले. पलसदरीहून मंकी हिलकडे चढणारा घाटाचा तुकडा, १:८७ प्रमाणात. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रं गाडी किंवा बोगद्याबद्दल नाहीत, रुळांबद्दल आहेत. मला फार बरं वाटलं. माझी सगळी नोकरी पी-वे, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या खात्यात गेली. मिस्त्री म्हणून लागलो, सीनियर सेक्शन इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो आणि मधली अकरा वर्षं कर्जत–लोणावळा घाटात काढली. गाडीकडे सगळे बघतात, तिच्या खाली काय आहे ते कुणी बघत नाही, ही आमच्या गँगमधल्या माणसांची जुनी खंत. म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर लिहितो आहे.

मी फ्लेक्स ट्रॅकला (हवा तसा वाकवता येणारा तयार मॉडेल ट्रॅक) 'रस्ट' नावाचा तयार रंग मारला. रूळ नारिंगी दिसतात, अगदी खेळण्यासारखे. खऱ्या रुळांचा रंग नेमका कोणता? — वाचक, डोंबिवली

तुम्ही रंग चुकीचा घेतला नाहीत, तो चुकीच्या रुळाला लावलात. नारिंगी गंज खरा असतो, पण तो नव्या रुळावर. कारखान्यातून आलेला रूळ निळसर काळपट असतो. लाइनच्या कडेला उतरवून ठेवला आणि पहिला पाऊस पडला की आठवड्याभरात तो भगवा होतो. तोच रूळ लाइनीत घातला आणि वरून गाड्या धावू लागल्या की रंग खाली खाली उतरत जातो: भगवा, मग विटकरी, मग चॉकलेटी, आणि काही वर्षांनी जवळजवळ काळपट तपकिरी.

हा चॉकलेटी रंग निव्वळ रुळाच्या गंजाचा नसतो. जुन्या डब्यांच्या चाकांवर बिडाचे ब्रेक ब्लॉक दाबले जायचे. ते घासून त्यांची लोखंडी पूड खाली पडायची. पूड इतकी बारीक की हातावर घेतली तर कोकोसारखी लागायची. ती दवाने ओली व्हायची, गंजायची, इंजिनातून गळालेल्या तेलात मुरायची आणि रूळ, त्यांना धरणाऱ्या क्लिपा, रुळांखालचे आडवे स्लीपर, खडी, सगळ्यांवर एकच थर चढायचा. म्हणून मेन लाइनवर रूळ आणि त्याच्या आजूबाजूची खडी एकाच कुळातल्या रंगाची दिसते. साइडिंगमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या बाजूच्या लाइनीत, गाडी क्वचित येते, ब्रेकची पूड कमी पडते, तिथे रूळ लालसर राहतो आणि खडी राखाडी.

घाटात मला हे सगळ्यात स्पष्ट दिसलं. मुंबईकडे जाणारी ती अप लाइन, म्हणजे आमच्या घाटात अप गाडी उतरते आणि डाउन गाडी चढते. १ला ३७ चा चढ, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. उतरणारी गाडी ब्रेक धरूनच उतरते. मंकी हिलच्या केबिनसमोर उभं राहिलं की नुसत्या स्लीपरच्या रंगावरून सांगता यायचं, कुठली लाइन उतरायची आणि कुठली चढायची. उतरायच्या लाइनीवर काँक्रीटच्या स्लीपरची रुळाजवळची हातभर जागा तपकिरी झालेली, आणि चढायच्या लाइनीवर तीच जागा राखाडी, पण रुळाच्या दोन्ही अंगांना फिकट रेघ. ती रेघ वाळूची. चढताना चाक घसरू नये म्हणून इंजिन चाकाखाली वाळू सोडतं, ती भरडून पिठासारखी होते आणि रुळालगत साठते. माझ्या मॉडेलवर मी हेच केलं आहे. फोटोत डावीकडची लाइन तुम्हाला 'जास्त मळलेली' वाटली असेल, तर ती मुद्दाम तशी आहे.

तेव्हा आधी ठरवा: लाइन कुठली, साल कुठलं. १९९० ची मेन लाइन करत असाल तर सढळ हाताने तपकिरी. आजची करत असाल तर हात आखडा, कारण एलएचबी या नव्या धाटणीच्या डब्यांना डिस्क ब्रेक आहेत आणि बाकीच्या डब्यांनाही आता बिडाऐवजी काँपोझिट (मिश्र पदार्थांचे) ब्लॉक लागतात. लोखंडी पूड पूर्वीइतकी पडत नाही, स्लीपर जास्त दिवस राखाडी राहतात.

आता कृती. मॉडेलचा रूळ 'निकेल सिल्व्हर'चा असतो. त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. तो गंजत नाही, त्यामुळे रंग तुम्हालाच द्यावा लागणार. ट्रॅक पाटावर बसवून झाला, गाडी दोन-चार दिवस चालवून पाहिली आणि कुठे झटका बसत नाही याची खात्री झाली, की मग रंगाला हात घाला. खडी त्यानंतर. आधी आयसोप्रॉपिल अल्कोहोलने रूळ पुसा, बोटांचं तेल राहिलं तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ते 'आयपीए' म्हणून मिळतं, पुण्याच्या वाचकांना तपकीर गल्लीत मिळेल. ज्वालाग्राही आहे, देवघरातला दिवा आणि गॅस लांब ठेवा.

मी साधे कॅम्लिनचे अ‍ॅक्रिलिक रंग वापरतो. बर्न्ट अंबर तीन भाग, बर्न्ट सिएना एक भाग, आणि काडीच्या टोकावर काळा. मेन लाइनला काळा थोडा वाढवा, साइडिंगला सिएना वाढवा. तयार रंगच हवे असतील तर तामियाचा एक्सएफ-१० फ्लॅट ब्राउन बेसला आणि त्यावर कुठे कुठे एक्सएफ-६४ रेड ब्राउन, ही जोडी चांगली बसते. रुळाला आम्ही तीन भाग म्हणतो: वर हेड, मध्ये वेब, खाली फूट. रंग वेब आणि फुटाला, दोन्ही बाजूंनी. चपटा, अर्ध्या सेंटिमीटरचा ब्रश आडवा धरून ओढायचा. हातभर रंगवलं की लगेच आइस्क्रीमच्या काडीला सुती कापड गुंडाळून हेड पुसून घ्यायचं. हेडवरचा रंग सुकू देऊ नका. आणि फक्त वरचा सपाट भाग पुसून भागत नाही. हेडची आतली कड, जिथे चाकाचा फ्लँज (कडेची उंच धार) टेकतो, तीही चकचकीत राहिली पाहिजे. मॉडेलचं चाक तिथूनही वीज घेतं, आणि खऱ्या रुळावरही ती कड घासून लखलखीतच असते. वीज आणि दिसणं, दोन्ही एकाच पुसण्यात साधतं.

स्लीपर काँक्रीटचे असतील तर पांढरा, थोडा काळा आणि चिमूटभर यलो ऑकर मिसळून उबदार राखाडी करा. नुसता काळा-पांढरा मिसळलात तर सिमेंटऐवजी शिशासारखं दिसतं. तो वाळला की रुळाचाच तपकिरी रंग पाण्याने चहाइतका पातळ करून फक्त रूळ बसतो त्या जागी सोडा. तो क्लिपांच्या भोवती आपोआप साचतो. पॅन्ड्रोल क्लिपेच्या वळणाला तसाच गंजाचा ओघळ येतो. दोन रुळांच्या मधला स्लीपरचा भाग जरा उजळ राहू द्या.

खडीसाठी क्वारीतून क्रश सँड आणली, चाळून टाकली, फेविकॉलने बसवली. दिसायला झकास झाली. पण महिन्याभरात दोन इंजिनं घरघरायला लागली आणि एक बंद पडलं. खडीचा संबंध असू शकतो का? — वाचक, चिंचवड

आहे, आणि तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं, कारण दगड तुम्ही अगदी खरा निवडलात. आपल्या घाटातल्या खडीचा दगड हाच, दख्खनचा काळा बेसाल्ट. पण बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात आणि ते लोहचुंबकाला चिकटतात. मॉडेलच्या इंजिनात मोटर असते, मोटरीत चुंबक. खडीतले सुटे कण धावत्या इंजिनाखाली उडतात, चुंबक त्यांना आत ओढून घेतो, मग ते गिअरमध्ये जातात.

तुमच्याकडे उरलेली वाळू असेल तर कागदावर पसरा, स्पीकरमधला जुना चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून फिरवा. पिशवीला काळी लव फुटेल. पिशवी उलटी केली की ती लव वेगळी निघते. मी प्रत्येक खेपेला सात-आठ वेळा फिरवतो, लव येणं थांबेपर्यंत. याच कारणासाठी रूळ घासायला स्टील वूल कधीही वापरू नका. त्याचे तुटलेले तंतू याहून वाईट.

बसलेली खडी आता उपटू नका. चुंबक त्याच पिशवीत घालून रुळांवरून धीम्या हाताने फिरवा, व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला जुना मोजा बांधून सुटे कण ओढून घ्या, आणि मग पातळ फेविकॉलचा एक हात पुन्हा द्या म्हणजे उरलेले कण जागेवर राहतील. इंजिन उघडून साफ करावं लागेल, त्याला इलाज नाही.

कणाचा आकारही सांगतो, कारण बहुतेक पत्रांतल्या फोटोंत खडी फार मोठी आहे. रेल्वेची खडी ६५, ४० आणि २० मिलिमीटरच्या चाळण्यांवर तपासली जाते. ६५ च्या चाळणीवर फार तर ५ टक्के राहू शकते, आणि २० च्या चाळणीवर निदान ९८ टक्के राहिली पाहिजे. म्हणजे बहुतेक खडी या दोन मापांच्या मधली. आता ८७ ने भागा. पाऊण मिलिमीटरपासून पाव मिलिमीटरहून किंचित कमी, एवढाच तुमचा कण. बारीक रव्यापेक्षा मोठा नको. मत्स्यालयाची वाळू टाकलीत तर त्या प्रमाणात प्रत्येक दगड नारळाएवढा होतो, गँगमनला फावड्याने उचलता येणार नाही असा. मी चहाच्या गाळणीतून पडलेला माल घेतो आणि तो मैद्याच्या चाळणीत पुन्हा चाळतो. मैद्याच्या चाळणीवर जे राहतं ते खडीचं, जे खाली पडतं ते साइडिंगमधल्या मातीचं.

बसवताना कोरडी खडी बोटाने टिचकी मारत स्लीपरच्या मधे बसवा. स्लीपरच्या माथ्यावर एक कण दिसता कामा नये, आमच्या काळात मुकादम त्यासाठी ओरडायचा. मग निम्मं पाणी, निम्मं आयपीए अशी बारीक फवारणी. खडी पूर्ण ओली झाली की फेविकॉल एक भाग, पाणी तीन भाग, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, हे इंजेक्शनच्या सिरिंजने कडेकडेने सोडा. रात्रभर हात लावू नका. आणि एक गोष्ट: फेविकॉलने बेसाल्ट काळाकुट्ट होतो. खोलीतल्या उजेडात छोटी वस्तू तशीही खऱ्यापेक्षा गडद दिसते. म्हणून वाळल्यावर फिकट राखाडी सॉफ्ट पेस्टल ब्लेडने खरवडून त्याची पूड कोरड्या ब्रशने वरून झटका. आपल्याकडे मे महिन्यात खडीवर जशी धूळ असते तशी दिसते.

घाबरत घाबरत पॉइंट (गाडी एका लाइनीवरून दुसरीवर वळते ती जागा) रंगवले. आता गाडी पॉइंटवर आली की मरते. — वाचक, ठाणे

माझ्याही पाचपैकी तीन पॉइंट पहिल्या वेळी असेच गेले होते, त्यामुळे दुखणं ओळखीचं आहे. बऱ्याच पॉइंटमध्ये सरकणारी पट्टी, जिला आम्ही टंग रेल म्हणतो, ती शेजारच्या न हलणाऱ्या रुळाला, म्हणजे स्टॉक रेलला टेकते आणि त्या टेकण्यातूनच पुढे वीज जाते. तिथे रंगाचा केसाएवढा थर बसला की संपर्क तुटला. लाकडी टूथपिक आयपीएत बुडवून टंग रेलची बाहेरची बाजू आणि स्टॉक रेलची आतली बाजू पुसा, पॉइंट दोन्हीकडे हलवून. सँडपेपर लावू नका. त्याने पडलेल्या बारीक ओरखड्यांत काजळी भरते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

पुढच्या वेळी पॉइंटला स्प्रे अजिबात नको. टंग रेल आणि टेकण्याच्या जागा चिकटपट्टीने झाका आणि बाकीचं बारीक ब्रशने. टंग रेल जिथे वळते तो बिजागरीसारखा भागही कोरडा ठेवा.

खऱ्या पॉइंटवरची एक गोष्ट मात्र जरूर करा. टंग रेल ज्या लोखंडी पाटांवर सरकते त्या स्लाइड चेअरना नेमाने तेल-ग्रीस लागतं. आजूबाजूला सगळं गंजलेलं, कोरडं, धुळीचं, आणि मधे ही सहा-सात काळी ओली चकाकणारी ठिगळं. टूथपिकच्या टोकाने चमकदार काळा रंग, सुईच्या टोकाएवढा, प्रत्येक चेअरवर. पाहणाऱ्याला कारण कळणार नाही, पण पॉइंट जिवंत वाटेल. खरं तेल टाकू नका, ते पसरतं आणि धूळ धरतं.

आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर. १:८७ ने १९ मिलिमीटरच्या वर होतो. बाजारात मिळणारा एचओ (१:८७ चा) ट्रॅक १६.५ चा. मग रंगवून काय उपयोग, मूळच चुकलं ना? — वाचक, नागपूर

हिशेब बरोबर आहे: १९.२६. साडेसोळा हा युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजचा. स्वतःच्या हाताने एकोणीसचा ट्रॅक आणि चाकं घडवणारी माणसं आहेत, त्यांना माझा दंडवत. मी ते केलं नाही, माझं आयुष्य पुरलं नसतं. पण डोळा गेजपेक्षा स्लीपरची लय आधी पकडतो. किलोमीटरला १६६० स्लीपर म्हणजे दोन स्लीपरमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ६० सेंटिमीटर, मॉडेलवर सात मिलिमीटरला किंचित कमी. फ्लेक्स ट्रॅकच्या खालची जोडपट्टी कापून स्लीपर तेवढ्यावर सरकवून पाहा. आणि रूळ कोड १०० चा असेल (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजारांशांत) तर तो अडीच मिलिमीटर उंच आहे. आपला ६० किलोचा (मीटरला ६० किलो वजनाचा) रूळ १७२ मिलिमीटर उंच, म्हणजे मॉडेलवर दोनच्या आत. कोड ७५ घ्या. रंग त्यानंतर फुकट जात नाही.

वडील इगतपुरीला गार्ड होते. त्यांच्या पंचाहत्तरीला मी दोन फुटांचा देखावा करते आहे: यार्ड, एक ब्रेकव्हॅन (गार्डाचा डबा), गाडी चालणार नाही. साल १९८० च्या आसपास. स्लीपर कसे दाखवू? — वाचक, नाशिक

ताई, तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं.

गाडी चालणार नाही म्हणजे विजेची काळजी संपली, तुम्हाला मोकळा हात आहे. त्या काळच्या यार्डात काँक्रीट शोधू नका. बाजूच्या लाइनींवर लाकडी स्लीपर, लोखंडी ट्रफ (उपड्या पन्हाळीसारखे स्लीपर) आणि सीएसटी-नाईन, असं तिन्ही मिळून चालेल. सीएसटी-नाईन म्हणजे रुळाखाली दोन बिडाची ताटं आणि त्यांना जोडणारी एक लोखंडी पट्टी. खडी भरली की ती पट्टी झाकली जाते, म्हणजे दोन रुळांच्या मधे स्लीपर दिसतच नाही, नुसती खडी आणि रुळालगत गंजकी ताटं. तुम्हाला सोपं आहे: साध्या ट्रॅकच्या मधे खडी स्लीपरच्या वरपर्यंत भरा आणि रुळालगतच्या टोकांना गंजाचा रंग द्या. वडील बघताक्षणी ओळखतील.

लाकडी स्लीपर नवा असताना तेल मुरवलेला, काळा तपकिरी. जुना होतो तसा उन्हाने रुपेरी राखाडी होतो आणि लांबीच्या दिशेने चिरतो. प्लास्टिकच्या स्लीपरवर करवतीचं पातं हलकेच लांबीने ओढा, रेषा पडतील. वर फिकट राखाडी द्या आणि पातळ काळ्याचा एक हात त्या रेषांत मुरू द्या. दहातला एखादा स्लीपर नवा, काळा ठेवा. गँग स्लीपर बदलते ती एकेक करूनच. ब्रेकव्हॅनखालच्या रुळाचं हेड मंद तपकिरी राहू द्या आणि शेजारच्या चालू लाइनचं घासून चकचकीत करा. कुठली लाइन चालू आणि कुठली झोपलेली, हे गार्डाला सगळ्यात आधी दिसतं.

झाल्यावर एक फोटो पाठवा.

बार्शी लाइट रेल्वेचा छोटा लेआउट करायचा आहे, वाफेच्या काळातला. नॅरोगेजच्या रुळांना रंग वेगळा लागेल का? — वाचक, कुर्डुवाडी

लागेल. आधी अभिनंदन, कारण तुमची लाइन मॉडेलला फार सोयीची आहे. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बांधलेली ही रेल्वे ७६२ मिलिमीटरची होती. १:८७ ने पावणेनऊ होतात, आणि ९ मिलिमीटरचा ट्रॅक बाजारात मिळतो. नागपूरच्या वाचकांना जे दुःख आहे ते तुम्हाला नाही.

घाटाच्या तपकिरी रंगाची कृती इथे लावू नका. हलक्या गाड्या, सपाट मुलूख, दिवसाला मोजक्या खेपा. ब्रेकची पूड कुठून येणार? तुमच्याकडे सोलापूरची धूळ आणि काळी माती आहे. रुळाला सिएना जास्त, अंबर कमी, आणि वरून मातकट पिवळ्या पेस्टलचा हात. खडी भरभरून टाकू नका, मधे माती दिसू द्या, कडेला वाळकं गवत. वाफेच्या खुणा मात्र जागच्या जागी हव्यात. इंजिन पाणी घेतं तिथे रुळांमधली जमीन ओली, काळी, थोडं शेवाळ. राख झाडतात तिथे करडी पांढुरकी राख आणि कोळशाची काळी भुकटी, त्या दोनचार हातांतच. सगळीकडे पसरलीत तर नुसतं मळकट दिसेल. स्लीपर लाकडी की लोखंडी हे तुमच्याकडच्या जुन्या फोटोत कडा बघून ठरवा: लाकडाची कड जाड आणि फुटलेली, लोखंडी ट्रफची पातळ आणि खाली वळलेली.

शेवटी मॅट वार्निशचा स्प्रे मारला तर सगळ्यावर पांढरं धुकं आलं. वर खडीला बुरशी. काय चुकलं? — वाचक, रत्नागिरी

महिना चुकला. हवेत दमटपणा असताना स्प्रे मारला की उडून जाणारा थिनर पृष्ठभाग थंड करतो, त्यावर ओल धरते आणि ती वार्निशमध्ये अडकून पांढरी दिसते. जून ते सप्टेंबर कोकणात स्प्रेचा डबा उघडू नये. कोरड्या दिवशी त्याच वार्निशचा अगदी हलका हात दिलात तर धुकं बरंचसं निवळतं, आधी कोपऱ्यात करून बघा.

बुरशी फेविकॉलच्या ओलीवर येते. माझ्याकडे एका पावसाळ्यात जास्त आली होती, कारण मातीसाठी मी वाळवलेला चहाचा चोथा वापरला होता. तीन आठवड्यांत माझ्या मॉडेलच्या ठाकुरवाडीच्या कटिंगवर (लाइनीसाठी कापलेला डोंगर) पांढरी लोकर उगवली आणि तेवढा तुकडा खरवडून टाकावा लागला. तेव्हापासून चोथा, लाकडाचा भुसा, पीठ असलं काही रुळांजवळ येऊ देत नाही. आयपीए फवारून बुरशी पुसा आणि खोलीत पंखा चालू ठेवा.

पोस्टर कलर वापरत असाल तर तोही सोडा. वाळल्यावर सुंदर मॅट दिसतो, पण फेविकॉलचं पाणी पडलं की विरघळून खडीत उतरतो.

तुमच्या भागातलीच लाइन करणार असाल तर कोकणचं खरं रूप जांभ्यात आहे. पावसात कटिंगमधली लाल माती वाहत येते आणि खडीच्या पायथ्याशी बसते. बर्न्ट सिएनात थोडा यलो ऑकर, खालून वर विरत जाणारा. खडीचा माथा राखाडीच राहू द्या.

आमच्याकडे मेर्कलिन या जर्मन कंपनीचा सी-ट्रॅक आहे. त्याला ही रंगकामाची रीत चालेल का? — वाचक, श्टुटगार्ट

चालेल, एक पथ्य पाळून. तुमच्या ट्रॅकच्या मधोमध बारीक टाचण्यांची रांग आहे, इंजिनाची पट्टी तिच्यावरून घसरत वीज घेते. रंग दिल्यावर त्या टाचण्यांचे माथे एकेक करून पुसा. खडी प्लास्टिकची साच्यातली आहे, तिला पातळ गडद तपकिरी पाण्यासारखा देऊन फटी भरू द्या. रंग मात्र तिथल्याच रुळांचा घ्या. तुम्ही रोज ज्या फलाटावर उभे राहता तिथला.

काका, मी सातवीत आहे. बाबांनी ट्रेन सेट आणलाय. मी भुसावळला राहतो. खरी खडी आणायला आणि रुळांचे जवळून फोटो काढायला लाइनवर जाऊ का? — वाचक, भुसावळ

नाही. बाळा, अजिबात जायचं नाही, मोठ्या कुणाबरोबरही नाही. परवानगीशिवाय लाइनवर जाणं रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली गुन्हा आहे, पण मी तुला कायद्यासाठी थांबवत नाही. विजेचं इंजिन लावलेली गाडी किती गुपचूप येते हे मी उभं राहून अनुभवलं आहे. पिवळी जाकिटं घालून, दोन्ही बाजूंना लक्ष ठेवायला माणूस उभा करून काम करणाऱ्या आमच्या लोकांनाही ती चुकवते. आणि तिथली खडी तुझ्या गाडीच्या मानाने दगडाच्या डोंगराएवढी आहे, उपयोग नाही.

भुसावळ जंक्शनला राहतोस ही मोठी गोष्ट आहे. बाबांबरोबर प्लॅटफॉर्म तिकीट काढ, पिवळ्या रेघेच्या मागे उभा राहा. तिथून सगळं दिसतं. एक वही ने. इंजिन थांबतं तिथे रुळांच्या मधे काळा डाग किती लांब आहे, ते डब्यांच्या लांबीत मोज. फलाटाला लागून खडी आहे की धुवायचं काँक्रीट, ते बघ. त्याला वॉशेबल अप्रन म्हणतात, आणि तिथे स्लीपर वेगळे दिसत नाहीत. रूळ कुठे चकाकतो आणि कुठे नाही ते लिही. घरी येऊन ट्रॅकच्या एका वीतभर तुकड्यावर बर्न्ट अंबर लाव, हेड पुस आणि वहीशी ताडून बघ. आयपीए आणि ब्लेड बाबांच्या हातात राहू दे.

पाऊस पडून गेल्यावर सकाळी लवकर एकदा जा. रात्रभर गाडी न आलेल्या लाइनवर रुळाच्या माथ्यावर पातळ नारिंगी साय आलेली असते. पहिली गाडी गेली की ती पुसून जाते. कुठल्या लाइनवर ती साय होती ते मला लिहून कळव.